काजळ का रोडावली?

१

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. मास्क उतरून माणसांची तोंडं पुन्हा दिसायला लागली होती, आणि पुण्याहून रिहे खोऱ्यात येऊन बंगले बांधणाऱ्यांची नुसती रीघ लागली होती. त्या वर्षी भात चांगलं पिकलं. आणि त्याच वर्षी, डिसेंबर लागता लागता, साळूबाईवर मांजराच्या वाटीतले मासे चोरल्याचा आळ आला.

मांजराच्या वाटीतले!

साधनाबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या अंगणात नवे तांदूळ पाखडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप तसंच थांबलं. त्या रिह्यातच जन्मल्या, घोटावड्याच्या शाळेत शिकवत म्हाताऱ्या झाल्या. खोऱ्यातल्या दोन पिढ्यांचे कान त्यांनी पिळले होते आणि कोण खोटं बोलताना कुठे बघतं हे त्यांना पाठ होतं. साळूबाई वरच्या वाडीतून पायी शाळेत यायची, आणि अक्षरं जुळायच्या आतच तिची शाळा सुटली; तेव्हापासून त्या तिला ओळखत होत्या.

"बाई, शेजारच्या बंगल्यावरच्या माळ्यानं ह्ये मोबाइलवर धाडलं," साळूबाई म्हणाली. "त्येच्याकडनं वाचून घेतलं, पर मला खरंच वाटंना. तुमी वाचा."

तिच्या फोनवर तिचाच फोटो होता. डोक्यावर पदर, हातात खराटा. खाली मजकूर: 'सर्व बंगलेमालकांना सूचना. ही बाई आमच्या पाळीव मांजराचे अन्न चोरते. मांजर उपाशी राहून निम्मे झाले आहे. कृपया हिला कोणीही कामावर ठेवू नये.' त्याखाली कुणी अंगठा उमटवला होता, कुणी हात जोडले होते. 'सांगितल्याबद्दल आभार' असंही एकीनं लिहिलं होतं.

"रविवारपातूर खोली खाली करा म्हनल्यात," साळूबाई म्हणाली. नवरा वारल्यापासून ती कामाच्या बंगल्यामागच्या खोलीत एकटीच राहायची, आणि खोली गेली की तिला वरच्या वाडीतल्या पडक्या खोपटाशिवाय जागा नव्हती. "खोली जाऊंद्या. पर बाई, मी मांजराचं उष्टं खाल्लं असं लोकं म्हनत्यात. माझ्या लेकीच्या सासरी ह्यो फोटू गेला तर?"

ती रडत नव्हती. रडली असती तर साधनाबाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि चपला घातल्या.

२

बंगल्याची मालकीण पल्लवी काही वाईट बाई नव्हती. साधनाबाईंना तिनं लगेच आत घेतलं, पाणी दिलं. तिचा नवरा शेखर वरच्या खोलीत हिंजवडीच्या ऑफिसशी फोनवर बोलत होता.

"मला काय आनंद होतोय का असं लिहायला?" ती म्हणाली. "पण तुम्ही काजळला बघा तरी!"

काजळ खिडकीखाली बसली होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत काळीभोर, कुठे पांढरा केस नाही. गळ्यात लाल पट्टा, त्याला घुंगरू. पट्टा सैल होऊन खाली लोंबत होता. पाठीचा कणा मोजता यावा इतकी ती वाळली होती.

"आम्ही प्रियाकडे, मुलीकडे बंगळूरला गेलो होतो, तिचं घर लावून द्यायला. परत आलो तेव्हा काजळ मस्त गुबगुबीत होती. फक्त रुसलेली. हाक मारली तर बघेना, जवळ घेतलं तर पंजा मारी. म्हटलं, सोडून गेलो त्याचा राग. आणि मग एकाएकी ही अशी! डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर थायरॉईड असेल, साखर असेल, जंत असतील, सोमवारी घेऊन या. पण बाबा म्हणाले, रोग कसला, पोटाला मिळत नाही तिला."

"तुमच्यासमोर खाते का?"

"तुटून पडते! म्हणजे एरवी उपाशीच असणार ना? फ्रीजरमध्ये तिच्यासाठी बांगडे ठेवलेले असतात, ती पिशवी बघता बघता संपते. आणि काटे कुठे सापडले माहितीये? मागे, पंपाच्या खोलीत. साळूबाईच्या खोलीला लागून."

"आणि ते दुकानातलं कोरडं खाणं?"

"गोळ्या? पूर्वी त्याच खायची. आता वासही घेत नाही. पूर्वी तिला दुसरं काही लागायचं नाही हो. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन केलं, पिल्लांची कटकट नको म्हणून, तेव्हापासून तर सुटलीच होती. चालताना पोट लोंबायचं. गावातल्या कुशाबांच्या लिलाबाईंनी दिलं तेव्हा एवढंसं पिल्लू होतं."

"मांजर वाळतंय हे साळूबाईनं उचलून कधी दाखवलं नाही तुम्हाला?"

पल्लवी जरा घुटमळली. "तिला उचलायला मनाई होती. म्हणजे हायजिन म्हणून. वाटी मागच्या ओट्यावर ठेवायची आणि लांब व्हायचं, एवढंच तिचं काम."

साधनाबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. याच घरची ताटं साळूबाई घासत होती, याच घरच्या चादरी धूत होती, आणि मांजराला हात लावायला मात्र ती चालत नव्हती. त्यांच्या कानशिलांवरून ऊन चढावं तसा राग चढला. पण राग आणि विचार एका वेळी होत नाहीत, हे त्यांना वर्गात उभं राहून राहून कळलेलं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही बंगळूरला असताना घरात कोण होतं?"

"बाबा होते ना."

३

बाबा म्हणजे बंडोपंत, पल्लवीचे सासरे. पुण्यातल्या एका कचेरीत साहेब होते, आणि निवृत्त झाल्यावरही साहेबच राहिले होते. ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते.

"या साधनाताई. तुम्ही कशाला या मांजराच्या भानगडीत पडता?"

"मांजराच्या नाही. साळूबाईच्या."

"तेच ते. अहो, मी स्वतः पाहिलंय तिला. मागच्या दारानं डबा घेऊन जाताना."

"डब्यात काय होतं?"

"आता मी काय डबा उघडून बघायचा?"

"माणसाला चोर म्हणायच्या आधी बघावा लागतो."

बंडोपंतांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली. "हे पाहा, इथल्या लोकांना तुम्ही ओळखता त्यापेक्षा..."

"मी इथलीच आहे," साधनाबाई म्हणाल्या. "सून घरी नव्हती तेव्हा काजळ खात होती का नीट?"

"मी त्यात लक्ष घालत नाही. मला मांजर आवडत नाही."

"मग ती का रोडावली असेल, तुम्हाला काय वाटतं?"

"का म्हणजे? खायला मिळालं नाही म्हणून. मांजर तेच आहे हो! पट्टा बघा की गळ्यातला. घुंगरू बघा. तेच आहे ते."

पायऱ्या उतरून साधनाबाई बंगल्याच्या मागे निघाल्या आणि नळाशी येऊन थबकल्या.

मांजर का रोडावलं, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मांजर तेच आहे की नाही, हे तर त्यांनी विचारलंच नव्हतं!

४

साळूबाई आपल्या खोलीतली भांडी पोत्यात भरत होती.

"ठेव ते," साधनाबाई म्हणाल्या. "आधी सांग. काजळनं गोळ्या खायच्या कधी सोडल्या?"

"मॅडम गावाला गेल्या, त्येच्या मागं काही दिवसांनी. आदल्या दिवशी वाटी चाटूनपुसून, आन दुसऱ्या दिवशी एकदम बंद. हुंगायची आन माझ्याकडं बघायची. म्या आण्णांला, मॅडमच्या सासऱ्यांला, सांगितलं. ते म्हनले, भाकरी घाल."

"कुठली भाकरी? बंगल्यात तर पोळ्या होतात."

"माझ्या घरची. सुकटीचा चुरा घालून कुस्करून आनायची डब्यातनं. मुकं जनावर उपाशी कसं ठिवायचं? मग मॅडम आल्यावर त्यांनी बांगडं घालायला सांगितलं."

म्हणजे मागच्या दारानं जाणारा तो डबा रिकामा होता. भरून यायचा आणि रिकामा परत जायचा. साधनाबाईंना पुन्हा व्हरांड्यात जाऊन तो पेपर टराटरा फाडावासा वाटला.

"आन बाई, ह्ये मांजार लई खातंय बगा अलीकडं. वाटी ठिवली की फस्त, आन वर आनिक तोंडात धरून पळतंय."

"पळतंय कुठे?"

"आता मांजराच्या मागं कोन जातंय? मला कामं नसत्यात व्हय?"

"चल, आज आपण जाऊ," साधनाबाई म्हणाल्या.

साळूबाईनं ओट्यावर वाटी ठेवली. काळी मांजर आली, तिनं हपापल्यासारखं खाल्लं, आणि शेवटचा तुकडा तोंडात धरून पंपाच्या खोलीच्या तुटक्या जाळीतून आत शिरली. आत पाइपांच्या मागे हिरव्या शेडनेटची जुनी गुंडाळी पडली होती. भोवती बांगड्यांचे काटे. साधनाबाई गुडघ्यांवर हात ठेवून कशाबशा वाकल्या, आणि त्यांनी शेडनेटचं टोक उचललं.

"अगं बया!" साळूबाई म्हणाली.

मांजर आडवी झाली होती आणि तिच्या पोटाला पिल्लं लुचत होती. तिच्यासारखीच काळी, डोळे नुकते उघडलेली.

"पंप चालू असला की काय ऐकू येतंय? बंद झाला की चिवचिवायचं," साळूबाई म्हणाली. "मला वाटलं उंदरं हायेत."

पल्लवीला हाक मारली. ती धावत आली, आणि तिचा चेहरा उजळला. "काजळला पिल्लं झाली! म्हणून इतकी खात होती! म्हणून वाळली! अहो, आजार नाहीच मग!"

"आजार नाही आणि चोरीही नाही," साधनाबाई म्हणाल्या. "पोटात पिल्लं होती म्हणून तुम्ही आलात तेव्हा गुबगुबीत दिसली. व्याली, पोट उतरलं. आता पाजतेय म्हणून दुप्पट खाते आणि तरी वाळते. पण पल्लवी, काजळचं ऑपरेशन झालंय ना?"

पल्लवीच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं.

"मग ही कोण आहे?" तिनं विचारलं.

५

उत्तर साधनाबाईंच्या लहानपणात होतं. तेव्हा खोऱ्यात बंगले नव्हते, रात्री दिवे नव्हते, पण घराघरांत कणग्या होत्या. बांबूच्या, शेणानं सारवलेल्या, माणसाएवढ्या उंच. भात झोडून घरात आलं की उंदीर यायचे, आणि उंदीर आले की मांजरांची देवघेव सुरू व्हायची. ज्या घरची मांजर गाभण असेल ती उंदरामागे धावत नाही, कणगीवर चढत नाही. मग तिला बाळंतपणासाठी शेजारी ठेवायची आणि शेजारची मोकळी मांजर कामाला आणायची. नुसतं मागून न्यायची पद्धत नव्हती. कुणाचंही घर मांजरावाचून ठेवायचं नाही, म्हणून अदलाबदल. शिमग्याला ज्याची त्याला परत. साधनाबाईंची आई तर आलेल्या मांजरीला माहेरवाशिणीसारखं जपायची, आणि गळ्यात कुणी मणी-बिणी बांधलेला असला तर आधी काढून ठेवायची. घुंगरू वाजलं की उंदीर सावध होतो.

आता कणग्या गेल्या. पत्र्याच्या कोठ्या आल्या, प्लास्टिकची पिंपं आली. पण एका घरी कणगी अजून होती, आणि काजळ त्याच घरचं पिल्लू होती. म्हणजे तिथे तिची बहीण असायला काय हरकत?

कुशाबांच्या ओटीवर भाताच्या पोत्यांची थप्पी होती, आणि सगळ्यात वरच्या पोत्यावर, चारी पाय ताणून, एक काळीभोर मांजर झोपली होती. तिचं पोट पोत्यावरून खाली ओघळत होतं.

"काजळ!" पल्लवी म्हणाली. मांजरीनं एक डोळा उघडला आणि शेपटी हलवली.

"न्या बाई, न्या तुमची म्हारानी!" लिलाबाई आतून म्हणाली. "लई पस्तावले. उंदीर नाकाम्होरनं गेला तर जांभई दिली हिनं! आन ह्ये आमचं मालक तिला चोरून दूध पाजत्यात."

"थोडंसंच," कुशाबा कोपऱ्यातून म्हणाले. "पाव्हनी हाय."

साधनाबाईंनी विचारलं, "लिलाबाई, ही विचारून आणलीस का?"

"आता गं बाई! न इचारता आनीन? आण्णांला इचारलं की. पेपरातनं डोकं न काढता म्हनले, न्या, न्या. म्या सांगितलं, आमची भुंगी गाभण हाय, कामाची न्हाई, तुमच्याकडं बाळंत होऊंद्या, जरा जपा. तर म्हनले, हो, हो. हिच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा सोडला आन त्यांच्या हातात दिला."

"हातात? टेबलावर नाही?"

"हातात! तवा कुटं त्यांनी वर बगितलं."

साधनाबाईंनी मग साळूबाईवरच्या आळाची हकिकत सांगितली. आधी लिलाबाईला कळेचना. बंगल्यावर कुण्या बाईनं मासे चोरले एवढं तिच्या कानावर आलं होतं. त्याचा आपल्या भुंगीशी संबंध असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मग कळलं, तसा तिनं पदर खोचला.

"माझ्या भुंगीनं खाल्लं आन साळूच्या माथी मारलं? चला. म्या येते. आत्ता येते!"

तिनं काजळला पोत्यावरून उचललं, काखेला मारलं, आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

६

बंडोपंत अजून व्हरांड्यातच होते. लिलाबाईच्या काखेतली मांजर त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या हातातला पेपर हळूहळू मांडीवर आला. आवाज ऐकून शेखरही खाली उतरला.

"हां, हां," बंडोपंत म्हणाले. "ती अदलाबदल. विसरलोच होतो मी. वय झालं."

"विसरला असतात तर पट्टा कुठेतरी पडून राहिला असता," साधनाबाई म्हणाल्या. "लिलाबाईनं तो तुमच्या हातात दिला. साळूबाईला मांजराला हात लावायची मनाई होती, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. भुंगीला धरून तिच्या गळ्यात काजळचा पट्टा बांधलात तो तुम्हीच. ते कसं विसरून केलंत?"

बंडोपंतांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "हिला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं हिनं. मांजर म्हणजे हिचा जीव. शिमग्याला काजळ परत आलीच असती. कुणाला पत्ताही लागला नसता."

"आणि भुंगी वाळायला लागली तेव्हा?"

"तेव्हा काय सांगणार होतो मी?"

"म्हणून साळूबाईचा डबा पुढे केलात."

"डबा मी पाहिला होता. त्यात खोटं काही नाही."

"बाबा, तुम्ही मला म्हणालात तिला खायला मिळत नाही!" पल्लवीचा आवाज चिरकला. "तुमच्या शब्दावर मी तिचा फोटो टाकला!"

"अगं, तिचं काय एवढं? तिला दुसरीकडे काम मिळालं असतं."

हे ऐकलं आणि साधनाबाईंचा इतका वेळ दाबून धरलेला राग सुटला. "कुठे मिळालं असतं? खोऱ्यातल्या एकूणएक बंगल्यात तिचं तोंड चोर म्हणून फिरतंय! सुनेनं चार शब्द बोलू नयेत म्हणून तुम्ही एका बाईचा जन्म नासवायला निघालात? ती आपल्या घरची भाकरी आणून तुमचं मांजर जगवत होती, बंडोपंत. तुम्हाला ते ठाऊक होतं. भाकरी घाल असं तुम्हीच सांगितलं होतंत!"

शेखर म्हणाला, "बाई, जाऊ द्या ना आता, मोठे आहेत ते." साधनाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पायरी मागे सरला.

साळूबाई अंगणात उभी होती. ती व्हरांड्यावर चढली नाही. पल्लवीच खाली उतरली आणि तिचा हात धरू लागली.

"साळूबाई, चुकलं माझं. तुम्ही राहा. खोलीही राहू दे, कामही—"

साळूबाईनं हात सोडवून घेतला. "माज्या कानात सांगून काय उपेग, मॅडम? जितं लिवलं तितंच लिवा. त्योच फोटू टाका. आन मांजराचं खाणं कुनी खाल्लं, कुनाच्या बोलन्यावरनं माझं नाव लागलं, समदं लिवा. म्या हितंच उबी हाय. लिवा."

पल्लवीनं सासऱ्यांकडे पाहिलं. बंडोपंतांनी मान हलवली: नको. पल्लवीनं फोन काढला आणि लिहिलं. बाबांचं नाव घालून लिहिलं. पाठवण्याआधी तिनं ते साधनाबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि साळूबाईनं "व्हय" म्हटल्यावरच पाठवलं.

७

पहिल्या मजकुराखाली उमटले होते त्याच्या निम्मेही अंगठे या मजकुराखाली उमटले नाहीत. भुकूमच्या एका सोसायटीत जुना फोटो पुढचे कितीतरी महिने फिरत राहिला. साधनाबाईंना तो कुणी दाखवला की त्या तिथल्या तिथे फोन करायला लावायच्या, आणि पलीकडच्या माणसाला खरं काय ते ऐकवायच्या. अजून ऐकवतात.

भुंगी पिल्लं सुटी होईपर्यंत बंगल्यावरच राहिली आणि शिमग्याला आपल्या घरी गेली, तेव्हा पुन्हा टुणटुणीत झाली होती. पिल्लं खोऱ्यात वाटली गेली. एक साधनाबाईंकडे आलं. ते दिवसभर त्यांच्या सुपात झोपतं. काजळ घरी आली आणि पुन्हा गोळ्या खाऊ लागली. पल्लवी आता तिला मोजून घालते आणि रोज उचलून बघते. लिलाबाईच्या घरी पुढच्या वर्षी मुलानं पत्र्याची कोठी आणली. कुशाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. कणगी तिनं मोडू दिली नाही, पण भात आता तीत नसतं.

साळूबाई बंगल्यावर परत गेली नाही. खोली तिनं रविवारच्या आधीच सोडली, आणि जाताना ती झाडून, सारवून दिली. घोटावड्याच्या बाजूला कारखान्यांतली बाहेरगावची पोरं जेवायला येतात, तिथल्या एका खानावळीत तिनं स्वयंपाकाचं काम धरलं. मागच्या वर्षी म्हाताऱ्या मालकिणीनं ती खानावळ तिच्याच हाती सोपवली. बांगड्याचं कालवण ती असं करते की भूगावची माणसंही गाडी काढून येतात.

बंडोपंत अजून त्याच बंगल्यात राहतात. मुलगा-सून त्यांना काही कमी पडू देत नाहीत. पल्लवी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. चुकलं, हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर निघालेला नाही. साधनाबाईंना ते अजून सहन होत नाही. परवा त्या खानावळीत जेवायला गेल्या होत्या तेव्हा ताटावर बसूनही त्यांचं तेच सुरू होतं: वयानं मोठा माणूस, शिकला-सवरलेला, एक शब्द म्हणायला जीभ झडते का?

साळूबाईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"म्हनलं तर म्हनलं, न्हाई तर ऱ्हाईलं, बाई," ती म्हणाली. "म्या काय त्येची वाट बगत बसलीया व्हय? दुसरी पंगत दारात उबी हाय. तुमी हात उरका."